हशा दुसऱ्याच्या नावावर

लंडनच्या पिकॅडिलीजवळ विंडमिल नावाचं थिएटर होतं. तिथे विनोदी नट रंगमंचावर आला की पुढच्या रांगांतले पुरुष वर्तमानपत्र उघडून बसत. त्यांनी तिकीट काढलेलं असे ते विवस्त्र तरुणींचे देखावे बघायला. या तरुणींनी पुतळ्यासारखं निश्चल उभं राहायचं, अशी परवानगीची अट होती. जरा हलल्या की खेळ अश्लील ठरायचा. एक देखावा मोडून दुसरा मांडायला वेळ लागे, तेवढ्या वेळात प्रेक्षकांना धरून ठेवायला विनोदी नट. दिवसभर एकामागून एक खेळ चालत. पुढच्या रांगेतलं कुणी उठलं की मागचे लोक खुर्च्यांच्या पाठींवरून उड्या टाकत ती जागा पकडत. नट आपला विनोद सांगत असे आणि समोर हा सूरपारंब्यांचा खेळ. पीटर सेलर्स, टोनी हॅनकॉक, ब्रूस फोर्साइथ अशी पुढे मोठी झालेली बरीच मंडळी या तालमीतून गेली. १९५२ साली तिथे निकोलस पार्सन्स नावाचा तिशीला टेकलेला, उंच, नीटस, उच्चभ्रू इंग्रजी बोलणारा एक नट नोकरीला होता.

मराठी वाचकाला हे नाव ओळखीचं असण्याचं काही कारण नाही. पण मुंबई-पुण्यातल्या कॉलेजांत ज्यांनी 'जॅम' खेळलंय, किंवा कॅम्पस प्लेसमेंटच्या वेळी ज्यांना 'एक मिनिट बोला' म्हणून उभं केलं गेलंय, त्यांचा या माणसाशी संबंध आलेला आहे. ज्या रेडिओ कार्यक्रमातून हा खेळ जगभर गेला, त्या बीबीसीच्या 'जस्ट अ मिनिट'चा अध्यक्ष पार्सन्स होता. १९६७ ते २०१९, म्हणजे अर्धशतकाहून जास्त काळ. सुरुवातीच्या वर्षांत गंमत म्हणून काही वेळा त्याने खुर्ची दुसऱ्याला देऊन स्वतः स्पर्धकांत बसून पाहिलं, एवढाच काय तो अपवाद. शेवटच्या भागांच्या वेळी त्याने पंच्याण्णवी गाठली होती.

इतकी वर्षं माणूस एका खुर्चीत टिकतो, तेव्हा त्याच्या आवाजाचं, स्मरणशक्तीचं, तब्येतीचं कौतुक होतं. ते सगळं त्याच्याकडे होतंच. मला मात्र त्याचं खरं भांडवल वेगळं वाटतं. लोकांनी आपल्याला हसावं, यात त्याला कमीपणा वाटत नव्हता. ही गोष्ट दिसते तितकी स्वस्त नाही. त्याला ती शिकायला वीस वर्षं लागली, आणि ती शिकवणारी माणसं निवेदनातली नव्हती, विनोदातली होती.

पार्सन्सचा जन्म १० ऑक्टोबर १९२३चा, लिंकनशायरमधल्या ग्रँथम गावचा. वडील डॉक्टर. याच गावात दोन वर्षांनी किराणा दुकानदार रॉबर्ट्स यांच्या घरी मुलगी झाली, ती पुढे मार्गारेट थॅचर म्हणून पंतप्रधान झाली. तिचा जन्म आपल्या वडिलांच्या हातून झाला असावा, हा किस्सा पार्सन्स आवडीने सांगे. 'असावा' हा शब्द न गाळता सांगे, हे त्यातलं विशेष.

पोरगा डावखुरा होता. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्याला उजव्या हाताने लिहायला लावलं. वाचताना अक्षरं डोळ्यांपुढे गोंधळत, आणि भरीला तो तोतरा बोलायचा. पुढे आयुष्यभर दुसऱ्यांच्या अडखळण्यावर निवाडा देणारा हा माणूस लहानपणी स्वतः वाक्यावाक्याला अडखळत होता. वर्गात नकला करून दाखवल्या की पोरं चिडवायची थांबतात, हे त्याच्या लवकर लक्षात आलं. दुसऱ्याच्या आवाजात बोलताना तोतरेपणा येत नसे.

घरच्यांना नाटकाबिटकाचं खूळ मान्य नव्हतं. हाताला कसब होतं, घड्याळं उघडून जोडायचा नाद होता, म्हणून त्याला इंजिनिअर करायचं ठरलं. लंडनच्या सेंट पॉल्ससारख्या शाळेतला हा मुलगा ग्लासगोजवळ क्लाइडच्या काठी, जहाजांचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात उमेदवारीला लागला. वर्षातले काही महिने विद्यापीठात आणि बाकी वेळ यंत्रावर, अशी पाच वर्षं. युद्धाचे दिवस, भोवती अस्सल ग्लासगोचे कामगार, आणि त्यांच्यात हा साहेबी उच्चारांचा पोरगा. इथे दोनच वाटा होत्या. रोज मार खायचा, किंवा आपली टिंगल होणारच हे धरून चालून त्यांना हसवायचं. पार्सन्सने दुसरी वाट धरली. कारखान्यातच त्याने एकेकाच्या बोलण्याची लकब उचलली आणि तिथूनच नकलांचे छोटे कार्यक्रम करू लागला. कॅरल लेव्हिस या नवोदितांना संधी देणाऱ्या संयोजकाने त्याला हेरलं आणि रेडिओवर आणलं. १९४५ साली तो लंडनच्या वेस्ट एंडला नाटकात उभा राहिला. इंजिनिअरिंग सुटलं, घड्याळांचा नाद मात्र मरेपर्यंत राहिला.

ब्रॉम्लीच्या नाटक कंपनीत दर आठवड्याला नवं नाटक, छोट्या क्लबांत एकपात्री प्रयोग, मग विंडमिल. नाव व्हायला १९५६ उजाडलं, आणि तेही दुसऱ्याच्या नावाच्या कार्यक्रमात. आर्थर हेन्स हा त्या काळचा आयटीव्ही या खासगी वाहिनीवरचा मोठा विनोदवीर. त्याचं गाजलेलं पात्र म्हणजे कोटावर पदकांची माळ मिरवणारा एक फाटका भटक्या. आपण युद्धात लढलोय, म्हणजे देश आपलं देणं लागतो, अशा थाटात तो कुठेही शिरायचा: बँकेत, दवाखान्यात, चर्चमध्ये, सरकारी कचेरीत. आणि तिथे त्याच्यासमोर असायचा पार्सन्स. कधी कारकून, कधी पाद्री, कधी डॉक्टर. इस्त्रीचे कपडे, स्वच्छ उच्चार, नियमांवर श्रद्धा. हेन्स त्याची पद्धतशीर वाट लावायचा. संहिता जॉनी स्पाइट लिहायचा, ज्याने पुढे 'टिल डेथ अस डू पार्ट'मधून ब्रिटिश टीव्हीवरचा सगळ्यात भांडखोर बाप जन्माला घातला. त्यामुळे विनोदाला वर्गभेदाची धार असे. हसणारा प्रेक्षक भटक्याच्या बाजूचा, आणि पार्सन्स म्हणजे त्या प्रेक्षकाला जन्मभर 'उद्या या' म्हणून परत पाठवणारा खिडकीमागचा साहेब.

गणगौळणीत मावशी भाव खाऊन जाते. तिची वाट अडवून तिला प्रश्न विचारणारा कृष्ण कोण होता, हे घरी जाताना कुणाला आठवत नाही. पण त्याने प्रश्न अर्धा क्षण आधी विचारला तर मावशीचं उत्तर पडतं, उशिरा विचारला तर लोकांना आधीच कळतं. पार्सन्सने हे काम दहा वर्षं केलं. हेन्स मध्येच संहिता सोडून कुठेतरी भरकटायचा; त्याला हवा तेवढा भरकटू द्यायचा, हसू ओसरू लागलं की गोष्टीच्या वाटेवर परत आणायचा, आणि हे करताना चेहऱ्यावर मात्र 'हा काय प्रकार आहे' एवढंच. हेन्सबरोबर तो अमेरिकेत एड सलिव्हनच्या कार्यक्रमापर्यंत जाऊन आला. १९६६च्या नोव्हेंबरात हेन्स हृदयविकाराने गेला. त्याच्यामागे विनोदाची एक संपूर्ण शाळा शिकलेला पार्सन्स उरला. (मुलांच्या आठवणीत तो आधीच दुसऱ्या एका कारणाने होता. १९६०च्या 'फोर फेदर फॉल्स' या कळसूत्री बाहुल्यांच्या मालिकेतला काउबॉय शेरीफ त्याच्या आवाजात बोलत असे. गात मात्र दुसराच. तिथेही जोडी सुटली नाही.)

आता 'जस्ट अ मिनिट'कडे यायचं तर आधी एका वेंधळ्या विद्यार्थ्याकडे जावं लागतं. शेरबोर्न शाळेत इतिहासाच्या तासाला इयान मेसिटर नावाचा मुलगा खिडकीबाहेर बघत बसला होता. मास्तरांनी त्याला उभं करून सांगितलं, गेल्या मिनिटभरात मी जे बोललो ते सगळं पुन्हा सांग, न अडखळता आणि पुनरुक्ती न करता. मेसिटरला अर्थातच जमलं नाही. मोठेपणी तो रेडिओसाठी खेळ रचू लागला, तेव्हा त्याला ही शिक्षा आठवली. १९५१ साली त्याने 'वन मिनिट प्लीज' नावाने त्याचं एक रूप आणलं. नंतर ते आणखी घट्ट केलं. तेरा नंबरच्या बसच्या वरच्या मजल्यावर बसून आपल्याला हे सुचलं, असं तो सांगे. विषय दिला जातो, त्यावर एक मिनिट बोलायचं. अडखळायचं नाही, शब्द पुन्हा वापरायचा नाही, विषय सोडायचा नाही. बाकीचे तिघे टपून बसलेले. चूक दिसली की बटण दाबायचं. हरकत बरोबर असेल तर हरकतदाराला गुण आणि उरलेल्या सेकंदांसाठी तोच विषय. हरकत चुकली तर बोलणाऱ्याला गुण. साठावा सेकंद संपताना जो बोलत असेल त्यालाही गुण.

कागदावर हा पोरखेळ वाटतो. घरी करून बघा. विषय घ्या 'फराळ'. कार्डावर छापलेला शब्द कितीदाही म्हणता येतो, म्हणून 'फराळ' चालेल; पण चकली एकदाच, तेल एकदाच, आणि 'आई' म्हणून झालं की पुढच्या वेळी 'जन्मदात्री' वगैरे काहीतरी शोधत बसावं लागतं. विसाव्या सेकंदाच्या आसपास वाक्य कुठे चाललंय ते कळेनासं होतं. आपल्याकडचं पहिलं संकट म्हणजे 'म्हणजे'. मराठी माणूस बोलताना या शब्दावर हात टेकवत टेकवत जिना चढतो. दोन वेळा 'म्हणजे' आलं की गेलात. 'आणि', 'की', 'तर' यांना कुणी अडवत नाही, अडवलंच तर त्याला कंजूष म्हणतात. लंडनच्या कार्यक्रमातही छोट्या शब्दांबाबत हेच होतं, आणि तिथेही असा एक कंजूष होता. त्याच्याकडे येतोच.

प्रायोगिक भाग १९६७ साली झाला. अध्यक्ष म्हणून जिमी एडवर्ड्स हा विनोदी नट हवा होता, तो मिळेना. पार्सन्सला स्पर्धक व्हायचं होतं. हेन्सच्या सावलीतून सुटून आता तरी आपण चार वाक्यं टाळ्यांची बोलावीत, ही त्याची इच्छा काही चुकीची नव्हती. तरुण निर्माता डेव्हिड हॅच याने त्याला या एकदाच खुर्चीत बसायला पटवलं. भाग काही जमला नाही. फेऱ्यांना उगाच जादा अटी होत्या. एका फेरीत तर अमुक एक साधा शब्दच वर्ज्य. बीबीसीच्या वरिष्ठांना तो पसंत पडला नाही. हॅच अडून बसला, प्रसंगी राजीनाम्याची भाषा केली. त्याला या फसलेल्या भागात चांगली दिसलेली एक गोष्ट होती, ती म्हणजे अध्यक्ष. २२ डिसेंबर १९६७ला पहिला भाग प्रसारित झाला. सुरुवातीला शोपँचा मिनिट वॉल्ट्झ, मग पार्सन्सचं स्वागत. एका वेळेपुरती घेतलेली ही खुर्ची त्याला मग सुटली नाही.

नेहमीचा चमू जमायला काही वर्षं गेली, पण जमला तेव्हा तो अफलातून होता. डेरेक निमो, पीटर जोन्स, क्लेमेंट फ्रॉइड आणि केनेथ विल्यम्स. फ्रॉइड हा मानसशास्त्रज्ञ सिग्मंड फ्रॉइडचा नातू. आचारी, स्तंभलेखक, पुढे लिबरल पक्षाचा खासदार. तोच तो कंजूष. खेळ जिंकायला आलेला तो एकटाच. मिनिट संपायला दोन सेकंद उरले की त्याचं बटण वाजायचं, आणि गुण त्याच्या नावावर. बोलायची वेळ आली की तो याद्या करायचा, संथ, खर्जातल्या आवाजात, एकेक पदार्थ तोलून टाकल्यासारखा. २००९ साली तो गेला. २०१६ साली त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचे गंभीर आरोप समोर आले, आणि आता ते जुने भाग ऐकताना त्याच्या पाळीला पूर्वीसारखं मोकळं हसता येत नाही.

विल्यम्सची तऱ्हा निराळी. 'कॅरी ऑन' चित्रपटांतला हा नट प्रचंड वाचलेला, आणि तितकाच आकांडतांडव करणारा. निवाडा विरुद्ध गेला की तो आपण थेट ग्रेट पोर्टलंड स्ट्रीटहून इथवर आलो ते काय असा अपमान करून घ्यायला, म्हणून कांगावा करायचा. विनोद असा की ग्रेट पोर्टलंड स्ट्रीट रेकॉर्डिंगच्या जागेपासून अगदी जवळ. हे म्हणजे दादरच्या शिवाजी मंदिरात येऊन 'मी माटुंग्याहून मजल दरमजल करत आलोय' म्हणण्यासारखं. तो पार्सन्सला मूर्ख म्हणायचा, त्याच्या कपड्यांवर बोलायचा, प्रेक्षकांना त्याच्याविरुद्ध भडकवायचा.

आणि पार्सन्स काय करायचा? जुन्या ध्वनिमुद्रणांत त्याच्याकडे लक्ष देऊन ऐकलं की कळतं. आधी तो दुखावला जायचा, पण मोजूनमापून: विल्यम्सला आणखी एक वाक्य सुचेल एवढंच. प्रेक्षकांचं हसू टिपेला पोचलं की तो थांबायचा. मग घड्याळाकडे बघून शांतपणे नोंदवायचा, की हरकत अमुकने घेतली, ती बरोबर आहे, सेकंद इतके उरलेत, विषय हा, आणि आपली सुरुवात आता. त्या एका वाक्यात तो घरी बसलेल्या, काहीच न दिसणाऱ्या श्रोत्याला खेळ कुठवर आलाय ते सांगून मोकळा व्हायचा. शेजारी मेसिटर स्वतः थांबघड्याळ आणि शिट्टी घेऊन बसलेला असे. हेन्सला भरकटू देऊन परत आणण्याचं जे काम टीव्हीवर डोळ्यांनी आणि चेहऱ्याने व्हायचं, ते आता नुसत्या आवाजावर चालत होतं.

त्याचे निवाडे नियमाला धरून असत असं समजू नका. हरकत चुकीची, पण हसू मोठं आलं, तर तो हरकतदारालाही जादा गुण द्यायचा. बराच वेळ मागे पडलेल्याला संशयाचा फायदा द्यायचा. एखादा रंगात येऊन बोलतोय आणि त्याने कुठे शब्दाची पुनरावृत्ती केली, तर ती ऐकू न आल्यासारखं करायचा, अर्थात फ्रॉइडने बटण दाबेपर्यंतच. गुणांची बेरीज बहुतेकांच्या लक्षातही राहत नसे. पण नियम नसल्यासारखा खेळला तर या खेळात काही उरत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो पक्षपात करायचा तोसुद्धा गंभीर चेहऱ्याने, कारणं देऊन. खिडकीमागचा तोच साहेब! नियमांवर ज्याची श्रद्धा आहे असा माणूस समोर असल्याशिवाय नियम मोडण्यात मजा कसली?

टीव्हीवर मात्र याच साहेबाने त्याची पंचाईत केली. १९७१ साली अँग्लिया टेलिव्हिजनने त्याला 'सेल ऑफ द सेंच्युरी' ही प्रश्नमंजूषा दिली. नॉरिच शहरातून दर आठवड्याला प्रसारण. झटपट प्रश्न, बरोबर उत्तराला पैसे, आणि त्या पैशांत चारचौघांना हव्याशा वस्तू मातीमोल भावात विकत घ्यायची संधी. टीकाकारांनी नाकं मुरडली, प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं. भर बहरात हा कार्यक्रम दोन कोटींहून जास्त लोक बघत. तो १९८३पर्यंत चालला. त्या बारा वर्षांत पार्सन्सचा चेहरा घराघरांत गेला: ब्लेझर, विंचरलेले केस, गोड हसू, जरा जास्तच गोड. त्याची दुसरी बाजू ही, की विनोदी मालिका काढणारे निर्माते त्याला विसरले. १९६०च्या दशकाच्या शेवटी बेनी हिलच्या कार्यक्रमात त्याने कामं केली होती, रेडिओवरच्या राजकीय उपहासाच्या कार्यक्रमासाठी १९६७चा मानाचा पुरस्कार घेतला होता. आता लोकांसाठी तो फक्त बक्षिसं वाटणारा गोड माणूस होता. आपल्यातला नट या कार्यक्रमाने झाकला, ही खंत तो पुढे बोलून दाखवत असे. आपल्याकडे मालिकेतल्या सोज्वळ सुनेला जन्मभर तेच कुंकू लावून फिरावं लागतं, त्यातलाच प्रकार.

यातून त्याला बाहेर काढलं ते त्याची टिंगल करणाऱ्या पोरांनी. १९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये विनोदवीरांची नवी, आडदांड पिढी आली. त्यांच्या लेखी पार्सन्स म्हणजे जुन्या, गुळगुळीत टीव्हीचं मूर्तिमंत रूप. १९८८च्या 'मिस्टर जॉली लिव्ह्ज नेक्स्ट डोअर' या 'कॉमिक स्ट्रिप'च्या चित्रपटात रिक मेयॉल आणि एड एडमंडसन यांना चुकून एका गुंडाचं काम मिळतं: निकोलस पार्सन्सला उडवायचं. सांगणाऱ्याच्या 'टेक आउट' या इंग्रजी शब्दांचा ते सरळ अर्थ घेतात आणि पार्सन्सला रात्रभर फिरायला, खायला-प्यायला घेऊन जातात. पुढे जो काही विध्वंस होतो, त्यात पार्सन्सची भूमिका स्वतः पार्सन्सने केली आहे. चेहऱ्यावर तेच, 'हा काय प्रकार आहे'. आपलीच खिल्ली उडवणाऱ्या चित्रपटात माणूस नुसता हजेरी लावून जाऊ शकतो. पार्सन्स त्यात कामाला आला होता. हेन्सबरोबरची दहा वर्षं इथे वसूल झाली. त्याच साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी त्याला आपला रेक्टर म्हणून निवडून दिलं, पुढच्या वर्षी 'डॉक्टर हू'मध्ये त्याने युद्धकाळातला श्रद्धा डळमळलेला पाद्री केला. विनोदाचा लवलेश नसलेली ही भूमिका त्याने मन लावून केली आहे.

१९८८च्या एप्रिलमध्ये विल्यम्स गेला तेव्हा 'जस्ट अ मिनिट' संपल्यात जमा होतं. विल्यम्सविना तो ऐकणार कोण? तेव्हा पॉल मर्टन या क्लबांत गाजू लागलेल्या तरुणाने आपल्याला हा कार्यक्रम लहानपणापासून आवडतो, त्यात घ्या, असं निर्मात्याला कळवलं. पार्सन्सने त्याला तसं करायला उत्तेजन दिलं होतं. १९८९ साली मर्टन आला आणि कार्यक्रमाचं वय पंचवीस वर्षांनी उतरलं. त्याच्यामागून नव्या दमाचे बरेच आले. मर्टनचं शस्त्र आकांडतांडव नव्हतं, कल्पनाशक्ती होती. विषय काहीही असो, दहाव्या सेकंदाला तो पार्सन्सच्या भूतकाळाबद्दल एखादी साफ खोटी गोष्ट रचायला लागायचा, आणि अध्यक्ष महाराज 'हे विषयाला सोडून आहे' असं स्वतःहून म्हणू शकत नव्हते, कारण हरकत घेणं हा स्पर्धकांचा हक्क. नव्वदीच्या जवळ आलेल्या माणसाची वयावरून थट्टा करणं एरवी अंगावर येईल. इथे ती चालली, कारण चेंडू कुठे टाकायचा हे म्हातारा स्वतः दाखवत होता.

२०१२ साली कार्यक्रमाला ४५ वर्षं होत होती. त्या निमित्ताने त्याचे दोन भाग मुंबईत ध्वनिमुद्रित झाले. जागा होती लोअर परळच्या पॅलेडियममधली कॉमेडी स्टोअर, फिनिक्स मिलच्या जुन्या आवारात. लंडनच्या एका खेळासाठी गिरणगावात लोक आले. मर्टन आणि मार्कस ब्रिगस्टॉक लंडनहून. समोर सायरस ब्रोचा आणि अनुवब पाल. ब्रोचाची मांडणी पार्सन्सच्या बरोबर उलटी: 'एमटीव्ही बकरा'मधून रस्त्यावरच्या माणसाची फिरकी घेऊन नाव कमावलेला निवेदक. आणि खुर्चीत अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस, जो पन्नासएक वर्षं स्वतः बकरा होऊन पोट भरत आलेला.

या दौऱ्यावर त्याने रेडिओसाठी एक माहितीपटही केला, कारण हा खेळ भारतात कॉलेजांतून फोफावलाय हे त्याच्या कानावर आलं होतं. फोफावलाय यात शंका नाही. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस ऐकणाऱ्या पिढीने तो उचलला, कॉलेजांनी त्याचं 'जॅम' केलं, आणि 'मूड इंडिगो', 'मल्हार' यांसारख्या महोत्सवांत तो साहित्यिक स्पर्धांचा मानकरी झाला. पण इथे आल्यावर त्याला हात-पाय आणि शिंगंही फुटली. मूळ तीन नियमांत व्याकरणाची चूक आली, उच्चाराची आली, पाल्हाळ आला, अनावश्यक शब्द आले. हरकत घेण्याच्या पद्धतीवरही हरकत घेता येऊ लागली. मुंबईतल्या एका कॉलेजात ऐकलेल्या फेरीत पहिल्या पंधरा सेकंदांचं भाषण पूर्ण व्हायला पाव तास लागला. उरलेला वेळ वाद. आणि वाद मिटवणारा जो 'जॅममास्टर', तो त्या सभागृहाचा बादशहा. स्पर्धकांचा पाणउतारा करायचा, उणे गुण वाटायचे, स्वतःच्या कोट्यांवर टाळ्या घ्यायच्या. मुलं हुशार होती, मास्टरही हजरजबाबी होता. पण हशा त्याच्या नावावर जमा होत होता.

लंडनमध्ये खुर्चीत बसलेला माणूस खेळातला सगळ्यात सोसणारा माणूस होता. मुंबईत येईपर्यंत तोच सगळ्यात दांडगा झाला. यात कॉलेजच्या पोरांचा दोष नाही. खुर्ची मिळाली की तिच्यावरून खाली बघायचं, हे आपण शाळेपासून पाहत आलोय. आपल्या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांचंही बघा. सूत्रसंचालक स्वतःच्या वाक्यांवर थांबून टाळ्यांची वाट बघतो, परीक्षक खुर्चीत उसळून उसळून हसतात, कॅमेरा त्यांच्यावर. स्किट करणाऱ्यांच्या हातात उरते ती मधली जागा. यात अपवाद आहेत आणि ते मला आवडतात, पण त्यांच्याकडे बघायला कॅमेऱ्याला वेळ नसतो.

खेळाचं भारतातलं दुसरं रूप तर आणखी कोरडं. आयटी आणि कॉल सेंटरच्या भरतीत 'जॅम राउंड' असतो. तालुक्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला मुलगा 'माझं गाव' या विषयावर इंग्रजीत एक मिनिट बोलतो, समोरचा माणूस कागदावर खुणा करतो. शब्द पुन्हा आला तर चालतो, अडखळलं तर नोकरी जाते. शेरबोर्नच्या मास्तरांची शिक्षा फिरून फिरून पुन्हा वर्गातच आली.

पार्सन्सचं शेवटचं दशक कामात गेलं. नाट्य आणि प्रसारण क्षेत्रातल्या कामाबद्दल त्याला २००४मध्येच ओबीई मिळालं होतं, मुलांसाठीच्या धर्मादाय संस्थांच्या कामाबद्दल २०१४मध्ये सीबीई मिळालं. एडिंबरोच्या महोत्सवात तो दरवर्षी आपला 'हॅपी अवर' घेऊन जायचा आणि तिथे नवख्या विनोदवीरांना गप्पांना बसवायचा. कोण कुठला पोरगा पुढे मोठा होईल सांगता येत नाही, तेव्हा प्रश्न नीट विचारावेत, हा त्याचा हिशेब. बीबीसीच्या दूरचित्रवाणीने त्याला २०१६ साली मारी आंत्वानेतसाठी घडवलेल्या घड्याळाच्या गोष्टीवर माहितीपट करायला दिला, तेव्हा ग्लासगोतला तो उमेदवार पुन्हा दिसला. चक्रं आणि स्प्रिंगा यांबद्दल बोलताना त्याचा आवाज बदलतो, गोडवा जातो, उत्सुकता येते.

२०१८ साली तब्येतीमुळे दोन भागांना तो येऊ शकला नाही. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच. त्याच्या जागी जाइल्स ब्रँड्रेथ बसला. हा त्याचा जुना प्रतिस्पर्धी. १९७८ साली जेवणानंतरचं सगळ्यात लांब भाषण कुणाचं, यावर दोघांत पैज लागली होती आणि पार्सन्स ११ तास बोलला होता. एक मिनिटाच्या खेळाच्या अध्यक्षाचा हा विक्रम पुढे ब्रँड्रेथनेच मोडला.

२८ जानेवारी २०२०ला पार्सन्स गेला, वयाच्या ९६व्या वर्षी. तोवर निमो, जोन्स, मेसिटर, विल्यम्स, फ्रॉइड, सगळेच त्याच्या आधी गेलेले होते. खुर्चीवर काही काळ वेगवेगळी माणसं बसवून पाहिली गेली. २०२१ साली ती सू पर्किन्सला कायमची मिळाली. अनेक वर्षं पर्किन्स स्पर्धकांच्या बाजूने खेळली होती आणि अध्यक्षाला टोमणे मारण्यात पटाईत होती. आता मर्टन तिच्या निवाड्यांवर कुरकुर करतो, आणि ती ती कुरकुर पुरती संपू देते, मग सेकंद किती उरले ते सांगते.